टोकेलाऊच्या रानात बसवलेली मेंढरं

मल्हारला कुणी हसलं की माझं डोकं फिरायचं. कवठे महांकाळच्या स्टँडवर एका शिकल्या-सवरल्या माणसाने त्याला फुकट्या वेबसाइटवाला म्हटलं, तेव्हा त्या माणसाच्या हातातला चहा मीच सांडला. मल्हार मात्र हसत होता. तो असाच. भांडायचं काम माझ्याकडे, थोरल्या दोस्ताकडे, सोपवून बाजूला उभा राहणारा.

धनगराचं पोर. बारावी झाला आणि काठी घेतली. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरायचं, पावसाआधी माघारी यायचं. बाप भाऊसो हेच करत आले, तोही तेच करत होता. फरक एवढाच, की त्याच्या घोंगडीवर मोबाइल चार्ज करायची सौरपाटी बांधलेली असायची.

वाटेवर मेंढरं चोरीला जातात. मेंढरांभोवती रोवलेली वाघर, म्हणजे जाळी, एका बाजूने पाडायची, गाडी भरायची, की सकाळी कुठल्या तरी बाजारात माल उभा. तक्रार द्यायला गेलं की ठाण्यात विचारतात, तुझीच कशावरून? आता याचं उत्तर प्रत्येक धनगराच्या घरात आहे. कोकराचा कान कापायची घरागणिक वेगळी पद्धत ठरलेली असते. कुणी शेंडा उडवतो, कुणी मधोमध चीर देतो. भाऊसोंच्या घराची खूण उजव्या कानाला खालून दोन काप. खूण आहे, पण साहेबाला ती वाचता येत नाही.

म्हणून मल्हारने मोबाइलवरच वेबसाइट उभी केली. घराघरांच्या खुणांचे फोटो, आणि चोरी झाली की वर लाल पट्टी: ही खूण दिसली तर अडवा. नाव ‘कानखूण’, पुढे डॉट टीके. लोणंदच्या बाजारातला दलाल धैर्यशील तोंडाने फाटका, पण सौद्याआधी हे पान उघडून कान बघायचा. त्यामुळे कितीतरी जणांची मेंढरं परत आली. ते नाव आम्ही आरेवाडीच्या वाटेवर भिंतींवर रंगवलं होतं.

हे टीके म्हणजे टोकेलाऊ. न्यूझीलंडच्या ताब्यातली समुद्रातली तीन चिमुकली बेटं. विमान नाही, सामोआहून बोटीने जायचं. त्यांच्या देशाच्या टीकेवर संपणारी वेबसाइटची नावं एक परकी कंपनी जगाला फुकट वाटायची. पैसे भरून पक्कं नाव घे, मी देतो, असं मी मल्हारला किती वेळा बजावलं. तो ऐकेना.

"दादा, आमी रानात मेंढरं बसवतो, ती फुकट न्हाई बसवत," तो म्हणाला. "रानमालकाला लेंडीचं खत मिळतंय. हितंबी तसंच हाय. आपली माणसं येत्यात, कंपनीला जाहिरातीचं खत पडतंय. बसलेला कळप उठवून मालकाचा काय फायदा?"

आरेवाडीला बिरोबाच्या यात्रेत त्याने टोकेलाऊवाल्यांच्या नावाने भंडारा उधळला. ज्याच्या रानात बसलो त्याचं नाव घ्यावं लागतं, म्हणे. धोंडुबाईने, त्याच्या आईने, विचारलं, ही कोण रं पावणी? मल्हार म्हणाला, आपले रानमालक. म्हातारीने हात जोडले.

मग एके वर्षी शिराळ्याजवळ त्याचाच वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, लुटला. झाडून सगळी मेंढरं गेली. फोन आला तसा मी मोटारसायकल काढली, शिराळ्याहून त्याला मागे बसवलं आणि लोणंदची वाट धरली. वाटेत त्याने स्वतःच्या खुणेवर लाल पट्टी लावली. पट्टी लावायचं पान वेगळं असतं, ते नीट उघडलं. बाहेरच्याला ‘कानखूण’ हे नाव टाकून काय दिसतंय, हे त्याने पाहिलंच नाही. पट्टी लागली म्हणून तो निर्धास्त होता. धैर्यशील अडवील, म्हणत होता.

बाजारात पोचलो तर धैर्यशील आम्हाला बघून हसला.

"या, जुगारवाले. मेंढरं सोडून पत्त्यांचा धंदा कवा धरला?"

त्याने फोन पुढे केला. ‘कानखूण’ टाकलं की रंगीत पत्ते पडत होते, पैसे लावा म्हणत होते.

"दोन काप बघितलं मी," धैर्यशील म्हणाला, आता हसू नव्हतं. "आधी तुझं पान उघडलं. हे आलं. तुझा नंबरबी त्याच पानावर हुता. म्हटलं, पोरानं गाशा गुंडाळला. गाडी सोडली."

गाडी सकाळीच मुंबईकडे गेली होती, कत्तलखान्याला. मी धैर्यशीलची कॉलर धरली. मल्हारने माझा हात सोडवला.

"त्याचं काय चुकलं? त्यानं बघितलं हुतं."

एक लंगडी मेंढी कुणी घेतली नव्हती म्हणून मागे राहिली होती. मल्हारने जिभेने आवाज काढला तशी ती पाय ओढत आली.

माघारी येताना त्याने सांगितलं. नाव काढून घेत असल्याचे कंपनीचे इंग्रजीत मेल येत होते. त्याने ते जाहिरात समजून सोडून दिले होते. रानमालकाला उठवायचं असलं तर तो बांधावर येतो, समोर उभा राहून सांगतो, उद्या उठा. शिव्या देईल, पण सांगेल. न सांगता वाघर उपटणारा मालक त्याच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता. कंपनी बुडाली, आणि नाव कुण्या जुगारवाल्याच्या हाती गेलं. मी कंपनीच्या आईबापाचा उद्धार केला. मल्हारने मागून विचारलं.

"त्या बेटावरच्यांना कळलं आसंल का?"

"त्यांना काय कळतंय. त्यांचंच रान समुद्र खातोय."

"मग त्यांनी तरी कसं येऊन सांगावं," तो म्हणाला.

आता तो एका पोल्ट्रीवर अंडी भरतो, वेबसाइट त्याने पुन्हा उभी केली नाही. नाव अजून चालतंय, आमच्या भिंतींवरून वाचून आमचीच पोरं त्यावर पत्ते खेळतात. चुना घेऊन मी एकेक भिंत पुसत फिरलो, सगळ्या काही झाल्या नाहीत.

लंगडी मेंढी परवा व्याली. धोंडुबाईने कोकरू मांडीत धरलं. भाऊसोंनी सुरी पुसली, उजवा कान अंगठ्याने चाचपला, बराच वेळ तसाच धरला, आणि सुरी मिटून खिशात घातली.

"आवं, कापा की," म्हातारी म्हणाली.

"कुणाला दावायची?" म्हणत ते उठले.

कोकराचे दोन्ही कान अजून तसेच आहेत.