पाहुणचार बाधणारे इवाई

पाहुणचाराने आजारी पडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. माझी मोठी मुलगी सावली तालुक्यातल्या एका धानाच्या गावात दिली आहे, तिचे हे सासरे. स्वतःच्या घरी असले की ठणठणीत. उन्हातान्हात बांधावरून फिरायचे, परातभर भात जेवायचे आणि दुपारी घोरायला लागले की गोठ्यातली गाय कान टवकारायची. पण कुणी सन्मानाने जेवायला बोलावलं की परतीच्या एसटीत त्यांनी पोट धरलेलं असायचं. पुढे आठवडाभर जुलाब, तोंडात फोड आणि सुपारीएवढा चेहरा. बरं, मान नको म्हणणारा माणूस असता तर सोपं होतं. इवायांना मान म्हणजे जीव की प्राण! यजमान पाय धुवायला पाणी घेऊन आला नाही, तर ते अंगणातच उभे राहत. आत बोलावलं तर म्हणत, "मले घाई नाई जी. तुमचं सावकाश होऊ द्या."

आता माझं ऐका. मी भांड्यांचा व्यापारी. सायकलला जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी बांधून पार आलापल्लीपर्यंतचे आठवडी बाजार केले, भाव करून करून घसा बसवला, तेव्हा कुठे चंद्रपुरात दुकान झालं. लहानपण पेजेवर गेलेलं. आमच्या धानाच्या मुलखात भात सगळेच खातात. गहू विकत आणावा लागतो, म्हणून पोळी ही पाहुण्याची. घर बांधलं त्या दिवशी मी बायकोला सांगितलं, आता आपल्याकडे रोज पोळी. आणि अशा माझ्या घरी जेवून इवाई दरवेळी आजारी पडत! वर गावभर सांगत, "चंद्रपूरवाल्यांचं अन्न मले बाधते." माझ्या बायकोच्या हाताला चव आहे हे आमची सगळी गल्ली कबूल करते. तरी ती पाच वर्षं बोलणी खात राहिली. माझ्या मनात ही सल आहे आणि ती मी लपवत नाही.

कारणं शोधण्यात मात्र इवायांचा हात कुणी धरला नसता. पहिल्या वेळी त्यांनी चंद्रपूरच्या पाण्याला दोष दिला, त्यात म्हणे कोळसा उतरतो. पुढच्या खेपेला गावच्या विहिरीचं पाणी कळशीत भरून एसटीने घेऊन आले. कळशी मांडीवर धरून, शेजारच्याला "धक्का नको लावू बाप्पा" असं दटावत. तरी आजारी पडले. मग तेल वाईट ठरलं. मग जेवताना तोंड दक्षिणेला होतं म्हणून. एकदा तर छताच्या पंख्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याच्या खाली जेवलं की अन्न पोटात फिरतच राह्यते जी." मी पंखा बंद केला. मे महिना होता. आम्ही दोघं घामाने निथळत जेवलो आणि एकटे तेच आजारी पडले.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मुलीला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून साडी-चोळी घेऊन मी तिला आणायला गेलो. इवायांनी पाय धुवायला पाणी दिलं, पान दिलं आणि शांतपणे म्हणाले, "सुनेले पाठवत नाई. तुमच्या घरी माह्यासारखा गडी आडवा होते, तिथी त्या पोरीचं काय होईन?" दाराआड मुलगी पिशवी भरून उभी होती. तिचे डोळे भरलेले पाहिले आणि माझं डोकं सटकलं.

"इवाई, माह्या घरी विष शिजते का?"

"विष नाई म्हटलं मी. बाधते म्हटलं."

"अजून कुठी कुठी बाधलं तुम्हाले? सांगा!"

मी रागाने विचारलं, पण ते खुलले. मानाच्या जागा मोजून दाखवायची संधी आली होती ना! सरपंचाच्या पोराचं लग्न, नागपूरची बहीण, सोसायटीतला सत्कार. प्रत्येक ठिकाणी ते आजारी पडले होते आणि प्रत्येक ठिकाणी पहिली पंगत त्यांची होती. पाण्याचा, तेलाचा, दिशेचा मेळ कशाचाच बसेना. मी विचारलं, "सगळीकडे काय वाढलं होतं?"

"पोळ्या, पुऱ्या. मानाच्या पाहुण्याले भात कोन वाढते जी?"

मी आयुष्यभर गिऱ्हाइकाचा चेहरा वाचत आलो आहे. कुठे पाणी मुरतं हे मला चटकन समजतं. मी तिथेच सौदा टाकला. "माह्या घरी तीन दिवस ऱ्हा. पोळी-पुरी नाई, गव्हाचा दाणा नाई. बाकी माह्याच घरचं पाणी, तेल अन् पंखा. तब्येत बिघडली तर पोरगी तुमच्या घरी ऱ्हाईन. नाई बिघडली तर मी नेतो."

ते आले. पहिला दिवस भात, वरण, वांग्याची भाजी. छान पचलं. रात्री पंख्याखाली झोपलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी पोटदुखीने उचल खाल्ली. इवाई भिंत धरून परसातून परत आले आणि म्हणाले, "आता बोला." मुलीचा चेहरा समोर आला. बायको मात्र स्वयंपाकघरात पदराने तोंड झाकून उभी होती. पाहुण्याला पोळी नाही म्हणून तिचा जीव तुटत होता, म्हणून सकाळी तिने साजूक तुपातला शिरा करून घातला होता. हळूच म्हणाली, "अवो, रवा गव्हाचाच असते ना?"

आम्हा दोघांच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. शिरा गोड असतो, एवढंच पुरुषांना ठाऊक. मी टाळी वाजवली. "इवाई, मी जिंकलो! सौदा गव्हाचा होता. रवा म्हणजे गहू. गहू पोटात गेला अन् तुम्ही पडले!"

"पडलो मी अन् जिंकले तुमी? हा कोन्ता न्याय जी?"

दोघांचा आवाज इतका चढला की शेजारचे दारात आले. शेवटी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, काहींच्या पोटाला गहू चालत नाही. पक्कं सांगायला तपासणी नागपूरला. दोन महिन्यांनी तिथेही तेच निघालं. पोळी, रवा, शेवया, चहातली बिस्किटं, सगळं बंद. इवाई मान हलवत राहिले. बिस्किटांचं ऐकून तेवढे दचकले. आमच्या दुकानात बसून ते पुडाच संपवायचे.

पण नागपूरच्या निकालापर्यंत थांबावं लागलं नाही. बरं वाटताच ते गावी गेले आणि चार दिवसांनी स्वतः मुलीला घेऊन दारात हजर झाले. चूक झाली असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. नातू माझ्या घरी झाला.

नामकरणाला बाहेर मोठी पंगत बसली. आत पुऱ्यांचा घाणा चालू होता आणि वाढणारे "घ्या जी, एक तरी घ्या" म्हणून ओरडत होते. इवाई पंगतीत नव्हते. बायकोने त्यांचं पान स्वयंपाकघरात मांडलं होतं. भात, वरण, वांगं. आता अंगाने भरले होते, गालावर तकाकी आली होती. मी आत गेलो तेव्हा ते कढईत फुगणाऱ्या पुरीकडे बघत बसले होते.

"काऊन जी, जेवत नाई?"

"जेवतो ना." मग कढईवरून नजर न काढता म्हणाले, "तब्येत झकास आहे, इवाई. पण आता कुठीबी गेलो का लोक भाताचं पातेलं समोर ठेवतात अन् निंगून जातात. आग्रह कोनी करत नाई."

बाहेर माझी शंभर कामं पडली होती. मी पाट ओढला, त्यांच्यासमोर बसलो आणि भाताची वाढणी हातात घेतली. "घ्या इवाई, थोडा घ्या."

"नको जी, झालं."

"माह्या नातवाची शपथ. एक घास."

"नाई नाई, पोट भरलं," म्हणत त्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले. तोंडावर हसू मावत नव्हतं. मी वाढणी तशीच धरून बसलो. हळूहळू त्यांनी एक हात बाजूला घेतला.