चेंडूकडे न बघणारे कोच

चेंडूच्या खेळात सगळा जन्म घालवून चेंडूकडे एकदाही न बघितलेला माणूस जगात एकच आहे, आणि तो इथे नेदरलँड्समध्ये, एनस्खेडेला, आमच्या समोरच्या घरात राहतो. नातवंडांनो, तुमच्या काकाकडे मी राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात या गृहस्थांनी मला रस्त्यात थांबवलं. "मॅडम, तुम्ही सगळा भार टाचांवर देता. हलकासा धक्का बसला तरी पडाल!" स्वतःचं नाव त्यांनी नंतर सांगितलं.

बाळांनो, अमेरिकन फुटबॉल हा पायांपेक्षा खांद्यांचा खेळ. एक जण चेंडू फेकतो आणि त्याच्यापुढे पाच आडदांड मुलं भिंत करून उभी राहतात. समोरून येणाऱ्यांना अडवायचं, एवढंच त्यांचं काम. चेंडूला हात लावायचा नाही, टाळ्यांची आशा धरायची नाही. या पाच जणांना तयार करणारे आमचे कोच. अमेरिकेतल्या कॉलेजांत त्यांनी आयुष्यभर हेच केलं. संघ हरत राहिला की मुख्य कोचची नोकरी जायची आणि तिच्या मागोमाग यांचीही. मग नवं गाव, नवं कॉलेज, नवी पाच मुलं. त्यांची बायको मूळची इथलीच, डच. ती हसून सांगते, "एका घरात मी लावलेल्या लिंबाला पहिली फळं धरली आणि आम्ही सामान बांधलं." शेवटी तिने त्यांना आपल्या गावी आणलं. आता ते विद्यापीठातल्या हौशी मुलांना शिकवतात, तेही फुकट. त्यांत आपली पुण्याकडची मुलंही आहेत. ती त्यांना 'कोचकाका' म्हणतात, आणि हल्ली दारावरची बेल वाजवून ते स्वतःच ओरडतात, "कोचकाका आलाय!"

त्यांतल्या एका मुलाच्या लग्नाला ते गेले होते. परत आल्यावर मी विचारलं, "नवरी कशी दिसत होती?"

"नवरी? बघायची राहिली," ते म्हणाले. "पण मॅडम, ते मधलं कापड धरणारे दोघे! गाणी संपेपर्यंत हात इंचभर खाली आला नाही. काय माणसं आहेत!"

मंगलाष्टकं संपल्याबरोबर त्यांनी अंतरपाट धरणाऱ्या त्या दोघांना गाठून मिठी मारली म्हणे. नवरा-नवरी अक्षता झटकत बघत राहिली.

तुमच्या काकाने सोफा घेतला तेव्हाचीही गोष्ट ऐका. इथले जिने शिडीसारखे उभे, म्हणून जड सामान खिडकीतून आत घेतात. पण कोचकाकांना खिडकी म्हणजे पळवाट वाटली. त्यांनी काकाला आणि त्याच्या ऑफिसमधल्या मित्रांना जिन्याखाली उभं केलं. "वाका! सोफ्यापेक्षा खाली! ढुंगण खाली!"

"कोचकाका, आम्ही सॉफ्टवेअरवाले आहोत हो!"

"होतात! आता ढकला!"

सोफा वर आला. जिन्याचा कठडा खाली आला.

मग या वसंतात त्यांना अमेरिकेहून फोन आला. त्यांच्या जुन्या साहेबांना मोठं कॉलेज मिळालं होतं आणि पाच जणांच्या भिंतीसाठी त्यांना कोचकाकाच हवे होते. माझ्या स्वयंपाकघरात बसून हे सांगताना त्यांचा चेहरा मुंज लागलेल्या बटूसारखा उजळला होता.

"बायको काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, जाऊ या. मी येते."

"मग अडलंय कुठे?"

त्यांनी चहाचा कप बशीत गोल फिरवला. "हे म्हणताना ती हसत होती, मॅडम. पण मी तिच्या पायांकडे बघितलं. सगळा भार टाचांवर."

चहा तसाच ठेवून ते उठले. संध्याकाळी त्यांची बायको सायकलवरून आमच्याकडे आली, माझ्या गळ्यात पडली आणि तशीच परत गेली. तेव्हा मला कळलं, त्यांनी नकार कळवला होता.

इथे खिडक्यांचे पडदे कोणी लावत नाही, त्यामुळे समोरची बैठकीची खोली मला सगळी दिसते. साहेबांच्या नव्या संघाचा सामना असला की कोचकाका दोघांसाठी कॉफी करतात आणि टीव्हीपुढे बसतात. दुसऱ्याच कोणीतरी शिकवलेली पाच मुलं समुद्रापलीकडे वाकून उभी राहतात, आणि इकडे खुर्चीत यांचे खांदे हळूच पुढे सरकतात. काका हसतो. मला नाही हसू येत. परवा फोनवर तुम्ही सायकल चालवून दाखवलीत ना, तेव्हा वळणावर मीही इथे टेबलाची कड घट्ट धरली होती.