सुकी मासळी आणि चारशे वळणं

आमच्या फ्रेंच बेटावर सां-लुईहून सिलाओसला जाणारी बस मी सव्वीस वर्षं चालवली. खाली समुद्र, वर विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात वसलेलं आमचं गाव, आणि मध्ये सदतीस किलोमीटरचा रस्ता. चारशेच्या वर वळणं. प्रत्येक वळणावर हॉर्न मारायचा, समोरून कुणी आलं तर कड्याला चिकटून मागे घ्यायची. पावसानंतर वरून दगड येतात, ते चुकवायचे. या रस्त्यावर सायकलवाला दिसला की माझं डोकं फिरायचं. आणि ओनोरीनला या रस्त्यावर सायकलवर आणली ती मीच.

ओनोरीन तेशेर सां-लुईच्या बाजारात पावट्याचे तिखट वडे तळायची. नवरा कामासाठी फ्रान्सला गेला तो तिकडचाच झाला. आई एलोइझ सिलाओसच्याही वर, देवदारांच्या जंगलापलीकडच्या वस्तीत एकटी राहायची. दर रविवारी ओनोरीन माझ्या बसनं आईकडे जायची. सोबत तेल, तांदूळ आणि सुक्या मासळीचं एक भलंमोठं पुडकं. म्हातारीला मासळीशिवाय घास उतरत नसे.

सत्त्याऐंशी सालच्या मार्च महिन्यात एका रविवारी बस खचाखच भरलेली होती. उकाडा, बंद काचा आणि त्यात ती मासळी. लोक नाक धरून ओरडायला लागले. मी म्हणालो, "पुडकं टपावर टाक."

"पाऊस येणार आहे. भिजून सडेल."

"मग सडू दे. मासळी नाहीतर तू, दोघींपैकी एकच जण येईल."

बस हसली. ओनोरीन उठली, पुडकं काखेत मारलं, पायरीवरून खाली उतरली आणि तिथून म्हणाली, "आम्ही दोघीही उतरलो. तुझ्या बसवाचून हा डोंगर चढता येत नाही असं वाटतं काय तुला, फिर्मेन?"

"चढ की," मी म्हणालो. "वळणं मोजत जा, वेळ जाईल."

तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. पुढच्या रविवारी पाहतो तर साखर कारखान्यातल्या कुणाची तरी जुनी सायकल, तीन गिअरची, मागे कॅरिअरवर पुडकं दोरीनं आवळलेलं, आणि ही बाई घामानं निथळत सायकल ढकलतेय. मी जोरात हॉर्न मारला. तिनं मान वळवली नाही. दुपारी मी परत उतरत होतो तेव्हा ती जेमतेम अर्ध्यावर पोचली होती. पुन्हा हॉर्न मारला. आईच्या दारात पोचायला तिला त्या दिवशी आठ तास लागले. म्हातारी म्हणाली म्हणे, "एवढा उशीर? बस बंद पडली का?"

बाजारातल्या बायका तिला हसल्या, "तांतीन ओनोरीन, अगं मावशी, या वयात शर्यतीला निघालीस की काय?" ती वडे उलटत म्हणायची, "आईकडे निघालेय. शर्यत तुम्ही लावा जिभेची."

ती थांबेल असं मला वाटलं होतं. एक महिना गेला, दोन गेले. सायकल ढकलणं कमी झालं, चालवणं वाढलं. रविवारी चढायची, सोमवारी सकाळी उतरायची. पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या. मी हॉर्न मारायचं सोडलं, पण बोललो काही नाही. तीही बोलली नाही.

दरवर्षी नोव्हेंबरात खालच्या किनाऱ्यावरचा एक सायकल क्लब सां-लुई ते सिलाओस शर्यत भरवायचा. क्लबचे अध्यक्ष मोस्यो आल्बारे, औषधांच्या दुकानाचे मालक. पुढच्या वर्षी ओनोरीन त्यांच्याकडे नाव द्यायला गेली. हे मला त्यांच्याच दुकानातल्या मुलीनं सांगितलं.

"मादाम, ही पुरुषांची शर्यत आहे," आल्बारे म्हणाले. "साडेतीन तासांत वर पोचावं लागतं. हा चढ बायकांना झेपत नाही."

"मी दर रविवारी चढते."

"चढत असाल. बाजारहाट वेगळा आणि शर्यत वेगळी."

"त्या दिवशी रस्ता बंद ठेवणार का?"

"नाही. बस चालू असते, गाड्या चालू असतात."

"मग मीपण चालू असेन," असं म्हणून ती निघाली.

शर्यतीच्या सकाळी चाळीस पुरुष रंगीत बनियन घालून, पातळ चाकांच्या सायकली घेऊन उभे होते. आल्बारेंनी झेंडा खाली केला, सगळे सुटले. त्यांची धूळ खाली बसल्यावर ओनोरीन निघाली. फुलाफुलांचा झगा, डोक्यावर गवती टोपी आणि मागे पुडकं. रविवार होता ना, आई वाट बघत होती.

त्या दिवशी ऊन भयंकर. वारा दरीतच अडकून पडलेला. मी तासाभरानं बस काढली. पंधरा किलोमीटरवर पहिला रंगीत बनियनवाला दिसला, रस्त्याच्या कडेला डोकं गुडघ्यात घालून बसलेला. मग आणखी दोघे. रस्ता जिथं वेटोळं घेऊन स्वतःच्याच अंगावरून पलीकडे जातो, तिथं एक जण ओकत होता. मी काच खाली करून विचारलं, "बाई दिसली का?"

तो तोंड पुसत म्हणाला, "दिसली नाही, वास आला. मासळीचा. मान वर करेपर्यंत वरच्या वळणावर होती."

ती मला पुढच्या बोगद्याच्या तोंडाशी सापडली. आल्बारेंची गाडी वरून परत आली होती आणि त्यांनी ती नेमकी तिच्यापुढे आडवी घातली होती. ओनोरीन एक पाय जमिनीवर टेकून उभी. चेहरा लालबुंद, छाती भात्यासारखी.

"मादाम, बाजूला व्हा. मागून स्पर्धक येताहेत, तुमची अडचण होतेय."

"ते मागे आहेत, मी पुढे. अडचण कोणाची कोणाला?"

"बोगद्यात अंधार आहे. काही झालं तर लोक मला विचारतील. हट्ट पुरे झाला!"

"मोस्यो, हा रस्ता नव्हता तेव्हा माझे आजोबा तुमच्यासारख्यांना खुर्चीत बसवून खांद्यावरून वर नेत होते. गरम झऱ्यात न्हायला. मी फक्त माझंच वजन नेतेय, त्याचाही त्रास होतोय तुम्हाला?"

आल्बारे माझ्याकडे वळले. "ड्रायव्हर, हिला बसमध्ये घ्या."

बसमधली झाडून सगळी माणसं खिडक्यांतून बाहेर लोंबत होती. दीड वर्षानं मी पहिल्यांदा तिच्याशी बोललो. "येतेस?"

"तुझ्या बसला वास सहन होत नाही," ती म्हणाली.

मला लाज वाटली. खरं सांगतो, कान गरम झाले. मी खिडकीतून डोकं काढून म्हणालो, "मोस्यो, गाडी बाजूला घ्या. तुमच्यामुळे सरकारी बसला उशीर होतोय." ते काहीतरी बोलले, पण मी हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. शेवटी त्यांनी गाडी मागे घेतली.

ओनोरीन बोगद्यात शिरली. आत एका गाडीपुरती वाट, भिंतीतून पाणी ठिबकणारं. मी दोन्ही दिवे लावले आणि तिच्यामागे पायी चालणाऱ्याच्या वेगानं बस नेली. तिची सावली भिंतीवर उंचच उंच पडली होती. मागच्या बाकावरची म्हातारी, जी पूर्वी मासळीवरून सगळ्यात जास्त ओरडली होती, ती खेकसली, "अरे हळू! तिच्या अंगावर घालशील!" बाहेर पडल्यावर मी खुशीनं एकदा हॉर्न दिला तर ओनोरीन मागे न बघता ओरडली, "बंद कर ते! कानठळ्या बसतात!"

शेवटचे सात किलोमीटर मी तिला ओलांडली नाही. बसमध्ये कुणीही घाईचं नाव काढलं नाही. मधेच एका जागी तिची चेन उतरली. दोन तरुण मदतीला धावले, तिनं हातानंच त्यांना हाकललं, चेन चढवली, काळे हात झग्याला पुसले.

सिलाओसच्या चर्चसमोर लाल पट्टा बांधला होता. तीन तास बावीस मिनिटं. चर्चचं घड्याळ अख्ख्या गावानं पाहिलं. क्लबच्या माणसानं मात्र वही मिटून मांडीखाली घेतली. आल्बारे बसला मागे टाकून आधीच येऊन उभे होते. "नंबर नाही, त्यामुळे वेळही नाही," ते मोठ्यानं म्हणाले.

लोक खवळले. कुणी म्हणालं, तिला थांबवा, पाणी द्या, हार घाला. पण ओनोरीन थांबलीच नाही. पट्ट्याखालून गेली, चर्चला वळसा घातला आणि देवदारांच्या चढाला लागली. आईचं घर अजून सहा किलोमीटर वर होतं. जिंकलेला पोरगा गळ्यात पदक घालून, हातात केळं धरून, ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग त्यानं आल्बारेंना विचारलं, "आपण इथंच का थांबतो?"



पुढची दोन वर्षं तिला नाव देऊ दिलं नाही, आणि दोन्ही वर्षं ती मागून निघून वर पोचली. तिसऱ्या वर्षी तिच्यासोबत चौघी होत्या, सगळ्या बिननंबराच्या. चौथ्या वर्षी क्लबानं नवा अध्यक्ष निवडला आणि बायकांची वेगळी शर्यत जाहीर केली. ओनोरीनला पत्र आलं. मानाच्या पाहुण्या म्हणून यावं, झेंडा खाली करावा.

तिनं मला वाचायला दिलं. माझं वाचून होताच म्हणाली, "मी मेलेय का पाहुणी व्हायला? नंबर मागून आण."

मी आणला. पाच जणी शर्यतीत उतरल्या आणि चौपन्न वर्षांची ओनोरीन चौथी आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिला मुळीच आवडलं नाही. तशीच धापा टाकत ती पहिल्या आलेल्या पोरीकडे गेली. सां-पिएरची विशीतली पोर, नवीकोरी सायकल.

"बोगद्यानंतर गिअर बदललास तू," ओनोरीन म्हणाली. "मी पाहिलं. पुढच्या वर्षी बघते तुला."

पोरगी हसली. मग तिनं ओनोरीनच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि तिचं हसू मावळलं.