वाऱ्याची भोकं

“बाईमानसाची शिलाई, दुसरं काय हुनार?”

शिंगणापूरच्या फाट्यावरचे हॉटेलवाले चहा पिता पिता अगदी सहज बोलून गेले. ते काकांच्या दुकानात बाकड्यावर बसले होते आणि समोर फरशीवर त्यांचा फाटका बॅनर पसरला होता. दुकान आणि आमची खोली यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. पडद्याआड आईचं पायमशीन चालू होतं. ते थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जोरात.

मी रिकामा ट्रे घेऊन पडद्याजवळ उभी होते. आता काका काहीतरी बोलतील, अशी मला खात्री होती. काका हसले.

“अवो, ‘शुद्ध शाकाहारी’ लिवलं हुतं,” हॉटेलवाले म्हणाले. “त्यातलं ‘शुद्ध’ वाऱ्यानं नेलं. गिऱ्हाईक इचारतंय, मालक, आता काय काय मिळतं?”

काका पुन्हा हसले. “दुसरा छापून आणतो. वहिनींना सांगतो, पक्का शिवा म्हणून.”

नव्वदचं दशक संपत आलं होतं. केडगावला, पुणे रस्त्यावर काकांचं पेंटिंगचं दुकान होतं. वडील गेल्यावर आम्ही दोघी त्यांच्याकडे राहायला आलो होतो. पूर्वी काका मांजरपाटाच्या जाड कापडावर ब्रशने बॅनर रंगवायचे. मग पुण्याहून छापून येणारं प्लॅस्टिकसारखं फ्लेक्स सुरू झालं आणि अक्षरं काढायचं काम गेलं. उरलं ते एवढंच: कडा दुमडून शिवणं, रिंगा ठोकणं आणि जागेवर जाऊन बांधणं. शिवणं आईकडे होतं. त्या घरात आई भाजी कोणती करायची हेसुद्धा काकूला विचारायची. शिलाई मात्र तिची एकटीची होती. मशीनवर बसली की तिची पाठ ताठ व्हायची. माझ्या लेखी त्या कामाची किंमत ही होती.

मी इंग्रजी शाळेत शिकले होते, त्यामुळे काका मला ‘मॅडम’ म्हणायचे. पुण्याच्या प्रेसकडून इंग्रजीत काही लिहून आलं की, “मॅडम, वाचा बरं.” मी वाचून दाखवायचे. त्यापुढे मराठीत एखादं वाक्य बोलले की, “तुला काय कळतंय त्यातलं?” मग मी बोलणंच सोडलं. न बोलणाऱ्या माणसाला दिसतं मात्र भरपूर.

हॉटेलवाल्यांचा हा फाटलेला दुसरा बॅनर. पहिला फाटला तेव्हाही दोष शिलाईलाच दिला होता. आईने दुसऱ्या वेळी नायलॉनचा दोरा घातला. दुमड दुहेरी केली, दुमडीच्या आत सुतळी ओवली. चारही कोपऱ्यांत, रिंगांच्या खाली, जुन्या ताडपत्रीचे तुकडे ठिगळासारखे लावले. एवढ्या जाड थरातून सुई जाईना, तेव्हा ती हाताने चाक फिरवून एकेक टाका घालत होती. तरी फाटलाच.

हॉटेलवाले गेल्यावर काका पडद्याकडे तोंड करून म्हणाले, “वहिनी, आता शेवटचा. हाही फाटला तर शिलाई मार्केटयार्डातल्या ताडपत्रीवाल्याकडे देतो. उगाच नाव खराब होतंय.”

मशीन बंद झालं. या वेळी ते पुन्हा सुरू झालं नाही.

ती दुपार मी त्या फाटक्या बॅनरपाशी बसून काढली. काठावरून बोट फिरवत गेले. चारही बाजूंची दुमड जशीच्या तशी होती. एक टाका निसटला नव्हता. कोपरे असे घट्ट, की रिंगा वाकल्या होत्या पण ठिगळं हलली नव्हती. फाटलं होतं ते मधे. आणि प्रत्येक चीर एकाच ठिकाणाहून निघाली होती: काकांनी ब्लेडने पाडलेल्या भोकाच्या टोकातून.

ती भोकं म्हणजे आमच्याकडच्या पेंटरांचा शेवटचा हात. बॅनर बांधून झाला की शिडीवरूनच अर्ध्या चंद्रासारखे काप द्यायचे. वारा जायला वाट पाहिजे, असं म्हणायचे. मांजरपाटाचा बॅनर आठवडाभरात उतरायचा, म्हणून त्या कापांचं पुढे काय होतं ते कुणी पाहिलंच नव्हतं. फ्लेक्स वर्षभर टांगलेलं राहायचं. त्याच्या पोटात दोऱ्यांची जाळी असते. ती कापली की ते भोक फडफडत, वाढत जातं. वारा जायचा तेवढा जातोच, जाताना बॅनरही नेतो.

आणि पुरावा आमच्याच गच्चीवर होता. कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा एक बॅनर पुण्याहून चुकीच्या रंगात छापून आला होता. साहेबांचा चेहरा पोपटासारखा हिरवा. तो परत घ्यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून आईने तो शिवून पश्चिमेच्या बाजूला आडोशाला बांधला. उन्हाळ्यातली वावटळ झाली, पावसाळा गेला, साहेब हिरवेगार हसत तिथेच होते. घरचा म्हणून त्याला कुणी भोकं पाडली नव्हती.

मी आईला गच्चीवर नेऊन दाखवलं. ती दोरीवरचे वाळलेले कपडे काढू लागली. म्हणाली, “माहितीये मला. पहिला फाटला तेव्हाच सांगितलं होतं.”

“मग काका काय म्हणाले?”

“म्हणाले, वहिनी, तुम्ही मशीन बघा, बाहेरचं आम्ही बघतो.” तिने चादरीची घडी घातली. “आता परत सांगायला जाऊ नकोस. राहायचंय आपल्याला इथे.”

मला इतका संताप आला की खाली येऊन मी उगाचच घागरीतलं पाणी ओतून ती पुन्हा भरली. चूक ज्यांची होती ते काका दुकानात बसून गिऱ्हाइकाबरोबर हसत होते. शिक्षा पडद्याआड चालली होती. आणि जिने सगळं बरोबर केलं होतं, तीच मला गप्प राहायला सांगत होती.

तिसरा बॅनर छापून आला. आईने तो आधीइतकाच नीट शिवला. बांधायच्या दिवशी काकांचा माणूस आला नाही, तेव्हा ते म्हणाले, “चला मॅडम, शिडी धरायला.”

फाट्यावर शनिवारची गर्दी होती. दर्शनाच्या जीपगाड्या धूळ उडवत जात होत्या आणि उघड्या रानातून सरळ वारा येत होता. काकांनी चारही बाजू आवळून बांधल्या. बॅनर ढोलकीसारखा ताणला गेला. मग त्यांनी खिशातून कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड काढलं.

“चांगली मोठी भोकं पाडा यंदा,” हॉटेलवाले खालून ओरडले. “शिलाई त्याच बाईची हाय ना?”

टेबलांवरची दोन-चार माणसं हसली. काकाही शिडीवर हसले आणि त्यांनी ब्लेड बॅनरला टेकवलं.

माझे दोन्ही हात शिडीवर होते. काका वर होते, ते वयाने मोठे होते, त्यांच्या घरात आम्ही राहत होतो. हे सगळं मला माहीत होतं.

“काका, ब्लेड खिशात ठेवा,” मी म्हणाले, टेबलांपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “दोन्ही बॅनर तुम्ही कापलंत तिथूनच फाटले. आईचा एक टाका उसवला असेल तर तो आधी मला दाखवा, मग शिलाई खुशाल कुणालाही द्या.”