मांडीत दोन इंच

थोरल्या भावाच्या पँटचे माप मी चोरून बदलले होते. ही गोष्ट मी पस्तीस वर्षे पोटात ठेवली. त्या पँटमध्ये मात्र श्वास ठेवायलाही जागा उरली नव्हती.

ऐंशीचे दशक सरत आले होते. बेलबॉटम जाऊन पँटची मोहरी अरुंद झाली होती आणि चंद्रपूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या माझी ठाम समजूत होती, की पुरुषाचे पुरुषपण त्याच्या मांडीवर कापड किती घट्ट बसते यावर ठरते. भाऊ धानाचे पोते एका हिसक्यात पाठीवर घेई, वडिलांच्या जुन्या धोतराचा काचा मारून दिवसभर चिखलणी करी. माझ्या लेखी तो अद्याप पुरुष व्हायचा होता.

मुलगी पाहायला जायचे ठरले तेव्हा त्याने पहिली पँट शिवायला टाकली. नागभीडच्या टेलरला त्याने एकच अट घातली, "ढिली ठेवजा भाऊ, खाली बसाले पायजे."

दुसऱ्या दिवशी मी एकटा गेलो. "त्याचं नका ऐकू. मांडीत दोन इंच कमी करा. दादानंच सांगतलं."

टेलरने चष्म्यावरून पाहिले. "अन् तो जेवंल कसा? उभ्यानं?"

"आता खुर्च्या असतात सगळीकडे," मी म्हणालो.

मुलीच्या घरी एकही खुर्ची नव्हती. अंगणात पाट मांडले होते. भाऊ खांबाला टेकून उभा राहिला, मग म्हणाला, "मले आज उपास आहे." आतून एका म्हातारीचा आवाज आला, "उपास पोटाचा का गुडघ्याचा?" आठवड्याने निरोप आला: मुलाच्या पायात दोष दिसतो, धानाच्या बांधीत रोवणीला वाकायचा कसा?

पुढच्या बाजारी भावाने भरल्या दुकानात टेलरला सुनावले, "माप घेता येत नाई, तर मशीन काऊन ठेवली? इकून टाका!" टेलरने फक्त माझ्याकडे पाहिले. मी बटणांच्या डब्यात काहीतरी शोधू लागलो. त्या वर्षी आमच्या गावातल्या एकाही नवरदेवाचे कापड त्याच्याकडे गेले नाही. तो बायकांचे झंपर शिवत राहिला.

भावाचे लग्न वर्षभराने दुसरीकडे झाले, आणि चांगले झाले. पण त्या पँटचा किस्सा तो प्रत्येक लग्नात सांगे. सगळे हसत, सर्वांत मोठ्याने मी.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या लग्नात तो टेलरही आला होता, पाठीतून वाकलेला. नवरदेवाची पँट पायाला कातडीसारखी चिकटलेली. पण हल्लीचे कापड ताणते, त्यामुळे तो ऐटीत मांडी घालून बसला. भावाने लगेच सुरुवात केली, "नाईतर या टेलरभाऊनं मले..." म्हातारा ओशाळून हसला. हात त्याने मांडीखाली घेतले.

मी उठलो, पंगतीतून वाट काढत टेलरसमोर गेलो आणि खाली बसलो. सैल पायजमा होता, बसता आले.

"टेलरभाऊ, तुमचं माप चुकलं नव्हतं," मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो. "दोन इंच मीच कमी कराले लावले, दादाचं खोटं नाव सांगून. दादा, तुयी सोयरीक मी मोडली. अन् भाऊ, तुमचं नाव मी बुडवलं. मले माफ करा."