वडूज ते सांगली, दादाच्या गाडीवर

सकाळी साडेआठला वडूज सोडलं तेव्हा माझे यजमान फाटकात उभे राहून एवढंच म्हणाले, "टेम्पोवाल्याचा नंबर जवळ ठेव." त्यांचं काही चुकत नव्हतं. मी ज्या मोटारसायकलवर बसले होते ती माझ्या लग्नाच्याही आधीची, आणि गेली नऊ वर्षं माहेरी चुलत्यांच्या गोठ्यात कडब्याआड उभी होती. उजव्या पायात गिअर, डाव्या पायात ब्रेक, आणि चालू करायला किक. मी सत्तेचाळीस वर्षांची, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणारी बाई. त्या गाडीवरून मायणीच्या पुढे कधी गेले नव्हते. सांगली तिथून शंभर किलोमीटरच्या आसपास.

गाडी दादाची, माझ्या थोरल्या भावाची. फौजेत लागल्यावर पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून त्याने ती जुनीच विकत घेतली होती. सुट्टीवर आला की मला मागच्या माळावर न्यायचा आणि शिकवायचा. गावातल्या दोघातिघांनी वडिलांकडे कुरकुर केली, तेव्हा दादाच त्यांना म्हणाला होता, "पडली तर मी उचलीन. तुमी कशाला घाबरताय?"

तीस वर्षं नोकरी करून दादा त्या दिवशी निवृत्त होऊन घरी येत होता. मुलांच्या शिक्षणासाठी वहिनी सांगलीत राहते, म्हणून तो सांगली स्टेशनवर उतरणार होता, दुपारी साडेचारला. दिवाळीत मी फोनवर गाडीचा विषय काढला होता. "विकून टाक गं," तो म्हणाला, "आता कुनाला हौस हाय?" त्याचा तो आवाज मला आवडला नाही. वर्दी उतरायच्या आधीच माणूस सगळ्यातून उठल्यासारखा बोलत होता. मी त्याला काही सांगितलं नाही. मनाशी ठरवलं, ही गाडी चालती करायची आणि स्टेशनवर त्याच्यासमोर नेऊन उभी करायची.

दोन महिने दर रविवारी मी गोठ्यात होते. टाकी धुतली, कार्बुरेटर उघडून साफ केला, इंजिन ऑइल बदललं. सगळ्यात त्रास दिला क्लचने. इतकी वर्षं उभी राहून आतल्या प्लेट एकमेकींना चिकटल्या होत्या. क्लच दाबून गिअर टाकला तरी गाडी पुढे उडी मारायची. क्लच दाबून धरून किका मारमारून त्या सोडवल्या, आणि पुन्हा चिकटू नयेत म्हणून क्लचची केबल चांगली घट्ट आवळून टाकली. त्या आवळण्याचा मला मोठा अभिमान होता.

मार्चची सुरुवात होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळूची काढणी चाललेली. कणसं खुडलेली, कडब्याच्या पेंढ्या उभ्या, आणि त्यामागे लांबवर उघडे डोंगर. मायणीच्या तलावात पाणी बरंच खाली गेलं होतं आणि काठच्या चिखलात बगळे उभे होते. तिथल्या टपरीवर चहा घेतला. गाडीचा ठोका एकसारखा पडत होता. मला वाटलं, उगीच धास्तावले होते.

मायणी सोडून विट्याच्या रस्त्याला लागले, आणि एका लांब चढावर इंजिन अचानक ओरडायला लागलं. अॅक्सिलरेटर पिळला की आवाज वाढायचा, पण गाडी काही पुढे ओढेना. मागून आलेला उसाचा रिकामा ट्रॅक्टरसुद्धा मला मागे टाकून गेला. खालून काहीतरी जळाल्याचा वास यायला लागला. कसाबसा चढ संपवला, उतारावर गाडी नुसती सोडून दिली, आणि विट्याच्या अलीकडे पत्र्याचं एक गॅरेज दिसलं तिथे थांबले. इंजिन गेलं असं मी धरूनच चालले होते.

गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना बापू म्हणतात असं त्यांनीच सांगितलं. मी काय झालं ते सांगितलं. ते खुर्चीतून उठले नाहीत.

"क्लच कुनी आवळला?" त्यांनी विचारलं.

"मीच. चार दिवसांपूर्वी."

"लिव्हर बोटानं हलवून बघा. जराबी मोकळी हाय का?"

नव्हती. लिव्हर दगडासारखी ताठ.

"म्हंजे तुमी हात सोडला तरी क्लच थोडा दाबलेलाच ऱ्हातो. प्लेटा घसरत्यात. इंजिन फिरतंय, पर चाकापर्यंत जोर पोचत न्हाई. इंजिनाला काय झाल्यालं न्हाई, ताई."

मी म्हटलं, "मग तेवढं सैल करून द्या." बापूंनी हात पुढे करून दाखवला. बोटं थरथरत होती. "दोन वरसं झाली, पाना धरवत न्हाई. तुमी धरा, मी सांगतो." गाडी थंड होऊ दिली. मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी केबलचा नट सैल केला, लिव्हरच्या बुडाशी रुपयाचं नाणं जेमतेम शिरेल एवढी मोकळीक आली तिथे थांबले, आणि नट पक्का केला. घोटाळा मी केला होता आणि तो मीच निस्तरला होता. दोन्हींचं सारखंच बरं वाटलं.

तेवढ्यात बापूंनी केबलच्या टोकाकडे डोळे बारीक करून पाहिलं. "ह्यातल्या चार-पाच तारा तुटल्यात बघा. नवी केबल माझ्याकडं न्हाई, हितं कुटंबी मिळायची न्हाई. ह्या गाड्या आता हायत कुटं? सांगलीत मिळंल. क्लच कमीत कमी दाबा."

"आणि तुटलीच तर?"

"तुटली तर बिनक्लचची चालवायची." आणि त्यांनी मला गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत ते शिकवलं. इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत न्यायची, जरा वेग आला की वर बसून पहिला गिअर टाकायचा. पुढचे गिअर टाकताना अॅक्सिलरेटर क्षणभर सोडायचा आणि त्याच क्षणी पायाने गिअर दाबायचा. थांबायच्या आधीच न्यूट्रल शोधायचा. पहिल्या तीन वेळा गाडी आचके देऊन बंद पडली. चौथ्या वेळी गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला. बापू खुर्चीतूनच म्हणाले, "झालं. आता जावा."

विट्यात जेवायला थांबायचा बेत होता, पण साडेबारा होऊन गेले होते. तशीच तासगावच्या रस्त्याला लागले. दहा-बारा किलोमीटर गेले असेन, आणि इंजिन खोकलं आणि बंद पडलं. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल अर्ध्याच्या वर. झाकण लावलं, किक मारली, चालू. उन्हाने तापलं असेल म्हणून पुढे निघाले. पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा तोच खोकला. पुन्हा पेट्रोल पाहिलं, पुन्हा एका किकेत चालू.

तिसऱ्यांदा बंद पडली ती तासगावच्या अलीकडे, बेदाण्याच्या शेडपाशी. द्राक्षं सुकवायला जाळ्यांचे मजले रचलेले, त्यांवर हिरवी-पिवळी द्राक्षं पसरलेली, आणि हवेत गोड आंबूस वास. सावलीत चार बायका जेवायला बसल्या होत्या. या वेळी पेट्रोल आहे हे ठाऊक होतं, म्हणून झाकणाला हात लावला नाही. प्लग काढला, इंजिनाला टेकवून किक मारली. ठिणगी निळी, ठणठणीत. प्लग बसवला आणि किका मारत राहिले. वीस झाल्या, पंचवीस झाल्या. काही नाही. सव्वादोन वाजले होते. मला रडू यायचं बाकी होतं.

"आवं ताई, आदी दोन घास खावा," त्यांतली थोरली बाई म्हणाली. तिचं नाव हौसाबाई. तिने माझ्या हातावर भाकरी आणि खरडा (हिरव्या मिरच्या तव्यावर भाजून रगडलेला) ठेवला. मी खाता खाता तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मगाशी दोनदा चालू झाली, तवा काय केलं हुतं?"

"काही नाही. थांबले, झाकण उघडून पेट्रोल बघितलं, किक मारली."

"आन आत्ता?"

"आत्ता नुसतीच किक." हे बोलले आणि घास हातातच राहिला. आत्ता झाकण उघडलं नव्हतं.

भाकरी ठेवून उठले आणि टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला. किक मारली, गाडी चालू. बंद डब्याला एकच भोक पाडलं तर त्यातून तेल नीट येत नाही, हवेसाठी दुसरं भोक लागतं, हे मी दरवर्षी मुलांना करून दाखवते. झाकणालाही हवेसाठी बारीक भोक असतं. मी झाकण उलटंपालटं करून पाहिलं. ते भोक लाल मातीने गच्च लिंपलेलं होतं. गोठ्यातल्या कुंभारणीने (मातीचं घरटं करणारी माशी) तिथे संसार थाटला होता, आणि उरलीसुरली फट सकाळपासूनच्या धुळीने बुजली होती. टाकीला हवा मिळत नव्हती, म्हणून काही वेळाने पेट्रोल खाली उतरायचं थांबत होतं.

हौसाबाईने बांगडीतली पिन काढून दिली. तिने झाकण धरलं, मी माती टोकरून काढली. फुंकर मारल्यावर भोकातून आरपार हवा लागली. चौघी बायका आपणच गाडी दुरुस्त केल्यासारख्या हसत होत्या, आणि तसं म्हटलं तर ते खरंच होतं. निघताना त्यांनी वीतभर पिशवीत बेदाणे बांधून दिले. "भावाला द्या. म्हनावं, तासगावच्या बायकांनी दिल्यात."

तासगावातून गणपतीचं गोपूर न थांबता, नुसती मान लववून मागे टाकलं. आता गाडी न खोकता पळत होती. साडेतीन झाले होते. बुधगावात एका गतिरोधकापाशी क्लच दाबला, आणि लिव्हर हातात लुळी पडली. केबल तुटली होती. गाडी आचका देऊन बंद झाली.

नवल म्हणजे मला भीती वाटली नाही. गाडी पुढे-मागे हलवून न्यूट्रल काढला, किक मारली, ओढणी कमरेला खोचली, आणि गाडी ढकलत धावले. बस थांब्यावरची माणसं बघत होती. वेग आल्यावर वर बसले आणि पहिला गिअर टाकला. खट. अॅक्सिलरेटर सोडून दुसरा. खट. तिसरा गेला तेव्हा मी एकटीच हसत होते.

माधवनगर ओलांडेपर्यंत दोनदा थांबावं लागलं, दोनदा ढकलून पळाले. सांगलीत शिरताना एका चौकात हवालदार हात आडवा करणार, एवढ्यात मी ओरडून सांगितलं, "क्लच तुटलाय, थांबता येत नाही." त्याने एकदा माझ्याकडे, एकदा गाडीकडे पाहिलं, आणि समोरच्या रिक्षा अडवून मला वाट करून दिली. मी दुसऱ्या गिअरवर, हळदीच्या पोत्यांनी भरलेल्या टेम्पोच्या बाजूने, स्टेशनच्या रस्त्याला लागले.

स्टेशनच्या आवारात न्यूट्रल काढून ब्रेक लावला तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. इंजिन बंद करायचं धाडस झालं नाही. तेवढ्यात दारातून माणसं बाहेर यायला लागली. वहिनी आणि दोन्ही मुलं पुढे, आणि त्यांच्यामागे खांद्यावर काळी ट्रंक घेतलेला दादा. तो चालता चालता थांबला. मला त्याने अजून पाहिलं नव्हतं. त्याने आवाज ऐकला होता.

ट्रंक मुलाकडे देऊन तो जवळ आला. त्याने टाकीवर हात ठेवला, इंजिनाचा ठोका तळव्यात घेत राहिला. मग लोंबणारी लिव्हर पाहिली.

"केबल कुटाय, सुमे?"

"बुधगावला तुटली."

"मग हितवर कशी आलीस?"

"बिनक्लचची."

त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंड पुसायच्या निमित्ताने त्याने रुमाल काढला आणि बराच वेळ पुसत राहिला. मग वहिनीला म्हणाला, "बघितलंस? हिला मी शिकवलंय."

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या बाजारात जुन्या सुट्या भागांच्या दुकानात केबल मिळाली. ती दादाने बसवली, मोकळीक मी ठेवली. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं गाडीवरूनच गावी निघालो. वेशीपाशी अख्खं गाव जमलं होतं. ढोल, गुलाल, फुलांनी सजवलेली उघडी जीप. निवृत्त होऊन आलेल्या जवानाची मिरवणूक काढतात, तशी दादाची निघायची होती. सरपंचांनी त्याला हार घातला आणि जीपकडे नेलं. दादाने जीपला नमस्कार केला आणि परत येऊन माझ्यामागे बसला.

"आवं सुभेदार, जीप सजवलीय की," सरपंच म्हणाले.

"जीपमधी पोरं बसवा. मी हितं बरा हाय."

अर्ध्या किलोमीटरचं अंतर जायला आम्हाला तास लागला. माणसाच्या चालीने मोटारसायकल चालवणं क्लचला फार जड. माझं निम्मं लक्ष ढोलाकडे आणि निम्मं डाव्या हाताकडे होतं. दारादारातून बायका ओवाळायला यायच्या, दादाला ओवाळायच्या आणि मग, ताट तसंच धरून, मलाही ओवाळायच्या. ज्यांनी एकेकाळी वडिलांकडे कुरकुर केली होती त्यांतले एक काका पारावर बसले होते. त्यांनी उठून माझ्या कपाळाला गुलाल लावला. देवळापुढे गाडी थांबवली तेव्हा ती एकदाही आचकली नव्हती.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी दादापुढे किल्ली धरली. त्याने ती घेतली नाही.

"तुझ्याकडंच राहू दे," तो म्हणाला. "मला लागंल तवा मी मागं बसंन."

या प्रवासाला निघाले तेव्हा मी भावाची वस्तू त्याला पोचती करायला निघाले होते. त्याचा जुना आवाज परत ऐकायला मिळाला, ते मोठं काम झालं. पण मलाही काहीतरी मिळालं, आणि ते सोमवारी कळलं. त्या दिवशी पंधरा वर्षांत पहिल्यांदाच मी शाळेला रिक्षाने गेले नाही. फाटकातून आत शिरले तेव्हा प्रार्थनेच्या रांगा लागल्या होत्या, आणि सगळी शाळा वळून बघत होती. गाडी चिंचेखाली स्टँडवर लावली, हात पुसले, आणि दहावीच्या वर्गात गेले. पहिला तास विज्ञानाचाच होता.