संत्र्याच्या फांदीला टेकू

बाळांनो, आजीला टीबी होता का, असं तुम्ही विचारत होतात, हे तुमच्या आईनं परवा फोनवर सांगितलं. होता. उद्या तुमच्या ओळखीत कुणाला झाला तर घाबरू नये, म्हणून लिहिते.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात मी सौंसरला शाळेत इंग्रजी शिकवत होते. रोज संध्याकाळी ताप येई, उजवी कूस दुखे. पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "प्ल्युरल इफ्यूजन. फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साचलंय, टीबीमुळे. बरा होतो. मात्र औषध एक दिवसही चुकवायचं नाही."

त्यांच्या दवाखान्यात भरती झाले. सुईनं पाणी काढलं. रोज इंजेक्शन. "तुमच्यापासून कुणाला लागणार नाही," असंही ते म्हणाले. माझा विश्वास बसेना. तुमची आई तेव्हा सहा वर्षांची. तिला भेटीला आणूच नका, असं मीच बजावलं.

आडवं झालं की कूस दुखे, म्हणून रात्रभर बसून राही. वाटे, आता आपण कुणाच्याच नाही. एका रात्री एक्स-रेच्या खाकी पाकिटावर पेन्सिलनं संत्र्याचं झाड काढू लागले.

शेजारच्या खाटेवर बोरगावच्या सुमनबाई होत्या. संत्री तोडताना शिडीवरून पडून पाय मोडलेला.

"बाई, फांदी मोडून राहिली तुमची. एवढ्या फळाले टेकू नाही दिला?"

फळांनी वाकलेल्या फांदीखाली आमच्याकडे बांबू लावतात. जन्मभर पाहूनही मी विसरले होते. त्यांनी पेन्सिलीसाठी हात पुढे केला, मी माझा मागे घेतला.

"मला टीबी आहे."

"मंग पेन्सिलीले बी झाला का?"

समोरच्या खाटेवरची म्हातारी फिसकन हसली. "दे वं मास्तरीण, नाही त थे रातभर बोलत राहीन."

सुमनबाईंनी टेकू काढला. म्हातारीनं मला तिची बकरी काढायला लावली. ती कुत्र्यासारखी झाली. तिघी हसलो, माझी कूस दुखली तरी. मग रोज रात्री आमचं हेच चाले. पाकीट भरलं. मी रात्रीची वाट पाहू लागले.

रविवारी निरोप धाडला, मुलीला आणा. ती दारातच थबकली.

"जा वं, माय हाये थे तुही," सुमनबाई म्हणाल्या.

ती धावत येऊन माझ्या मांडीवर बसली. मी तिला दूर केलं नाही.

दीड वर्ष औषध घेतलं, एकही दिवस चुकला नाही. पाकीट सुमनबाईंनी घरी नेलं. त्या आता नाहीत. मी आहे, आणि झोप आली नाही की दिवा लावून चित्र काढायची सवय आहे.